तळा
रायगड जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. पूर्वी ते माणगाव तालुक्यात होते. मुंबई–गोवा महामार्गावरील इंदापूरहून पश्चिमेला वळले की डोंगरांमधून रस्ता गावात येतो. इंदापूरला कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. चंडिका हे ग्रामदैवत. शेती मुख्यतः खरिपाच्या भाताची. गाव लहान, पण त्याच्या भोवतीचा मुलूख शतकानुशतके सरहद्दीचा. पश्चिमेला राजपुरीच्या खाडीवर जंजिरेकर सिद्दीची सत्ता, तर पूर्वेला रायगड आणि सह्याद्रीकडे जाणाऱ्या वाटा.

गावाला लागून असलेला तळगड सुमारे 1000 फूट उंचीचा. माथा लांबट आणि अरुंद. वाटेवरच्या दरवाजापाशी कातळात हनुमंत कोरलेला आहे. वर ओळीने खोदलेली पाण्याची टाकी, लक्ष्मी कोठार म्हणून ओळखली जाणारी पडकी इमारत आणि तटाबुरुजांचे अवशेष आहेत. बांधकामात डोळे दिपवणारे काही नाही. गडाची किंमत त्याच्या जागेत आहे. माथ्यावरून एका बाजूला रोहा तालुक्यातला घोसाळगड आणि दुसऱ्या बाजूला मांदाडकडे आत शिरलेली खाडी दिसते. समुद्रावरून खाडीत शिरून देशाकडे निघणाऱ्यावर नजर ठेवायची, हे या दोन्ही किल्ल्यांचे काम.

1648 मध्ये शिवाजी महाराजांनी तळा आणि घोसाळा हे दोन्ही किल्ले घेतले. 1659 मध्ये अफझलखानाच्या स्वारीची संधी साधून सिद्दीने तळ्याला वेढा घातला, पण खान मारला गेल्याची बातमी येताच तो उठवून माघार घेतली. पुढे 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि 12 राखता आले. त्या बारांत तळा व घोसाळा दोन्ही आहेत. बारांच्या यादीत रायगड, राजगड यांच्यापुढे ही नावे वाचताना सहज नजरेतून सुटतात, सुटू नयेत. खाडीकडची बाजू सिद्दीच्या तोंडावर उघडी टाकून रायगड सांभाळणे शक्य नव्हते. नंतर हा भाग सिद्दीकडे गेला आणि पहिल्या बाजीरावाच्या काळातील जंजिरा मोहिमेत पेशव्यांकडे आला. 1818 मध्ये इंग्रज कर्नल प्रॉथरने तळा घेतला. म्हणून सरहद्द मिटली असे नाही. तळा इंग्रजी कुलाबा जिल्ह्यात आणि शेजारचा म्हसळा जंजिरा संस्थानात, अशी विभागणी 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत राहिली. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव 1981 मध्ये मिळाले.

पण तळ्याच्या परिसरातले सर्वांत मोलाचे स्थळ किल्ला नव्हे, तर मांदाडजवळची कुडा लेणी. खाडीकडे तोंड केलेल्या डोंगरात कोरलेली ही 26 बौद्ध लेणी इ.स.च्या पहिल्या शतकाच्या आगेमागे सुरू झाली. त्यांतील ब्राह्मी लेखांत महाभोज घराण्यातल्या मांदव खंदपालिताचे नाव येते. मांदाड हे गावाचे नाव या मांदवांशी जोडले जाते, तर काही अभ्यासक ग्रीक-रोमन लेखनातले मंदगोरा बंदर हेच असे मानतात. लेखांत नोंदवलेले दाते मात्र केवळ राजघराण्यातले नाहीत. लेखनिक, वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी अशी माणसे त्यांत आहेत. म्हणजे बंदराकाठी पैसा राजवाड्याबाहेरही खेळत होता. सहाव्या लेण्यापुढे हत्तींची शिल्पे आहेत, आत दांपत्यांची. बुद्धमूर्ती मात्र पाचव्या-सहाव्या शतकातली नंतरची भर आहे, हे पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे, नाहीतर सगळेच एका काळचे वाटते. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

पावसाळ्यात गडाची वाट निसरडी होते; जायचे तर हिवाळ्यात. एकाच दिवशी दोन्ही पाहायचे असल्यास सकाळी उन्हाआधी तळगड चढून घ्यावा आणि कुडा लेण्यांना जास्त वेळ द्यावा.