वऱ्हाडातील पदवीधरांची छायाचित्रे

वऱ्हाडच्या मुलास पदवी हवी असेल तर त्याने मुलूख सोडावा, असाच एकोणिसाव्या शतकातला शिरस्ता होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे मुंबईस शिकून १८८४ साली कायद्याचे पदवीधर झाले. त्याच सुमारास नागपुरास १८८३ साली हिस्लॉप आणि १८८५ साली मॉरिस ही कॉलेजे निघाली व वाट जवळची झाली, तरी पदवी देणारी पीठे दूरच राहिली. कारण ही कॉलेजे प्रथम कलकत्त्याच्या आणि नंतर अलाहाबादच्या विश्वविद्यालयास जोडलेली होती. १९२३ साली नागपूर विश्वविद्यालय स्थापन झाले आणि त्याच साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज उघडले, तेव्हा अध्ययन घरी आले. पदवीदानाचा सोहळा मात्र बडनेऱ्याहून आगगाडीत बसून गाठावा लागे. ज्यास तो खर्च झेपत नसे त्याने गैरहजेरीत पदवी घ्यावी व कागद टपालाने यावा.

वऱ्हाडी पदवीधराच्या छायाचित्रास जे विशेष महत्त्व आले ते, माझ्या मते, या अंतरामुळे आले. जो समारंभ आईवडिलांनी पाहिला नाही, त्याची एकमेव दृश्य साक्ष म्हणजे बैठकीच्या भिंतीवरची ती तसबीर. आणि ज्याने समारंभच पाहिला नाही, त्याच्या अंगावर झगा व हूड चढला तो बहुधा छायाचित्रकाराच्या खोलीतच.

पदवी आणि छायाचित्र ही दोन्ही मुंबई इलाख्यात जवळजवळ एकाच वेळी अवतरली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, विश्वविद्यालय १८५७ सालचे. आणि १८६२ साली रानडे, भांडारकर प्रभृती पहिले पदवीधर बाहेर पडले, त्या सुमारास तेथे छायाचित्रणाचा धंदा चांगला रुजला होता. तयार कोरड्या काचा मिळू लागल्यावर, म्हणजे १८८० नंतर, हा धंदा जिल्ह्याच्या गावांस परवडण्याजोगा झाला. आणि कापसाच्या व्यापाराने भरभराटलेल्या अमरावती-अकोल्यात वकील, अडते आणि सरकारी अंमलदार असा तसबीर काढवून घेणारा वर्गही होता.

स्टुडिओतील विधी ठरीव होता. पाठीमागे खांब, महिरप वा उद्यान रंगवलेला पडदा, शेजारी उंच तिवई, तीवर एखादे जाडजूड पुस्तक, आणि हातात फीत बांधलेली कागदाची सुरळी. ती कित्येकदा कोरीच असे, कारण खरे पदवीपत्र अद्याप यायचे असे. काळ्या कापडाखाली शिरून छायाचित्रकार काचेवर उलटी पडलेली आकृती पाही, ‘हलू नका’ म्हणून बजावी, भिंगावरचे झाकण काढी आणि मनाशी अंक मोजून परत बसवी. त्यानंतरचे काम अधिक नाजूक. काच धुऊन वाळली की तिच्या लेपावर अणकुचीदार पेन्सिलीने बारीक ठिपके देत देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची काळी छाया बुजवायची. परीक्षेच्या जागरणाची खूण तेथेच नाहीशी होई. या हस्तकौशल्यास ‘रिटचिंग’ म्हणत, आणि स्टुडिओची ख्याती पुष्कळ अंशी या हातावर अवलंबून असे.

वर्गाचे किंवा वसतिगृहाचे सामुदायिक चित्र मात्र उघड्यावर, कॉलेजच्या पायऱ्यांपुढे निघे. मधल्या खुर्चीवर प्राचार्य, दोहो बाजूंस अध्यापक सेवाज्येष्ठतेने, त्यांच्या पायाशी सतरंजीवर लहान वयाचे विद्यार्थी, पाठीमागे उभ्यांची रांग आणि तीमागे बाकांवर चढलेल्यांची. विद्यार्थिनी असल्याच तर मोजक्या, आणि त्या खुर्च्यांच्या रांगेत, कडेला. शिपायासही पुष्कळदा टोकाशी उभे करीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो त्या दिवशी आला नाही त्याचा मुखवटा लंबगोल कापून वरच्या कोपऱ्यात चिकटवीत, नाहीतर पुठ्ठ्यावर त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी नोंद होई. धोतर, लांब कोट, काळी टोपी, फेटा, क्वचित टाय, असे सर्व पोशाख एका रांगेत दिसतात आणि कोण वाड्यातून आला व कोण शेतातून, हे सहज ओळखू येते.

या दृष्टीने पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस चालविलेल्या श्रद्धानंद छात्रालयाचे स्थान वेगळे आहे. पापळसारख्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मून एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून आलेल्या या बॅरिस्टराने सर्व जातींच्या मुलांस एका छपराखाली जेवू घातले. आणि १९३२ साली स्थापिलेल्या श्रीशिवाजी शिक्षणसंस्थेने तर गावोगावी शाळा नेल्या. ज्या घरात तोवर फार तर देवादिकांच्या तसबिरी होत्या, तेथे शिकलेल्या मुलाची तसबीर शेजारी येऊन बसली. महसुली दप्तरात ज्या कुळांची नोंद खातेदार म्हणूनच होई, त्यांची ही पहिली सन्मानाची नोंद होय.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ झाले, ते पुढे पंजाबरावांच्याच नावाचे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले, आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. पदवीदान अशा रीतीने उंबऱ्याशी आले. रंगीत फिल्म आली, नंतर मोबाईल आला, आणि मंडपाच्या दाराशीच झग्यासकट शेकडो चित्रे निघू लागली. आईवडील आता त्यांत स्वतः उभे असतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती जुन्या संग्रहाची. काचेच्या निगेटिव्हांवरचा लेप खरवडून काच चौकटींसाठी विकण्याचा प्रघात या धंद्यात होता. उरलेल्या पेट्या दमटपणाने व वाळवीने जात आहेत. सामुदायिक चित्रांचे पुठ्ठे तर त्याहून आधी जातात, आणि नावे असतात ती पुठ्ठ्यावरच. नवी चौकट करताना कारागीर कडेचा कुजका पुठ्ठा कापून टाकतो आणि चाळीस माणसे एका क्षणात अनामिक होतात. अमरावती व अकोल्याच्या जुन्या कॉलेजांनी निदान ही नावे, रांग आणि क्रम यांसह, एका वहीत उतरवून घ्यावीत. चित्रे स्वच्छ करण्याचे काम त्यानंतर हाती घेतले तरी चालेल.