पाहुण्याची दृष्टी आणि यजमानांचा समाज : १९४६-४७ मधील दोन पत्रकार-प्रवास

परदेशी पत्रकारास आपला देश प्रत्यक्ष दाखविला म्हणजे त्याचे गैरसमज दूर होतात, या श्रद्धेवर राष्ट्राराष्ट्रांतील परस्पर-भेटींच्या योजना आधारलेल्या असतात. ही श्रद्धा कितपत सार्थ आहे, याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच घडलेल्या दोन प्रवासांवरून करता येते.

१९४६ च्या एप्रिलमध्ये इल्या एरेनबुर्ग, कॉन्स्टन्टिन सिमोनॉव्ह व मिखाइल गॅलक्टिओनॉव्ह हे तीन सोव्हिएट लेखक-पत्रकार अमेरिकेस गेले. एरेनबुर्ग यांनी दक्षिणेकडील राज्ये पाहण्याची इच्छा दर्शविली व ती मान्य झाली. परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी सोबत होता. परंतु मार्ग पाहुण्याने निवडलेला होता. त्या राज्यांत शाळा, प्रतीक्षालये, बसमधील आसने ही सारी कायद्यानेच वर्णानुसार विभागलेली होती. या अन्यायाविषयी एरेनबुर्ग यांनी जे लिहिले, ते मुळात खरेच होते. तथापि प्रवाशाच्या दृष्टीस समाजाची स्थिती पडते, गती सहसा पडत नाही. आंतरराज्य बसप्रवासातील वर्णविभाजनाचा कायदा अवैध ठरविणारा, आयरीन मॉर्गन या कृष्णवर्णीय स्त्रीच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी ३ जून रोजी लागला. शाळांविषयीचा निकाल १९५४ मध्ये आला. ही चळवळ रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसण्यापूर्वी न्यायालयांच्या दप्तरात आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांत आकार घेत होती.

दुसरी मर्यादा लेखकाच्या स्वदेशात होती. १९४४ मध्ये चेचेन व क्रिमियन तातार या लोकसमूहांना सोव्हिएट सत्तेने सरसकट देशोधडीस लावले होते. त्याविषयी तेथील वृत्तपत्रांत लिहिणे शक्य नव्हते. एरेनबुर्ग यांनी व्हासिली ग्रोसमन यांच्यासह सिद्ध केलेला, ज्यूंच्या संहाराची साक्ष देणारा ग्रंथही सोव्हिएट सत्तेने प्रसिद्ध होऊ दिला नाही. तात्पर्य, परक्या समाजातील भेदांवर बोट ठेवण्याची मुभा असलेल्या लेखणीस स्वतःच्या समाजातील भेदांविषयी मौन पाळावे लागत होते.

१९४७ मध्ये जॉन स्टाइनबेक व छायाचित्रकार रॉबर्ट कापा हे सोव्हिएट संघात गेले. ही औपचारिक अदलाबदल नव्हती; पण प्रवासाची व्यवस्था व दुभाषे यजमानांचेच होते. मॉस्को, युक्रेन, स्टालिनग्राड व जॉर्जिया पाहून स्टाइनबेक यांनी १९४८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. युक्रेनमधील सामुदायिक शेतावर त्यांना भरल्या ताटांचे आतिथ्य लाभले, आणि त्याचे वर्णन त्यांनी प्रामाणिकपणे केले. परंतु त्याच प्रदेशाने १९४६-४७ मध्ये भीषण दुष्काळ सोसला होता, आणि तो सोव्हिएट सत्तेने जगापासून लपविला होता.

या दोन उदाहरणांतील विरोध उद्बोधक आहे. एरेनबुर्ग यांना मार्ग निवडता आला, पण त्यांचे मुद्रण स्वतंत्र नव्हते. स्टाइनबेक यांचे मुद्रण स्वतंत्र होते, पण मार्ग यजमानांच्या हाती होता. दोघांनीही पाहिले ते खरे. अपुरेपणाची कारणे मात्र भिन्न. म्हणून अशा प्रवासवर्णनांचा साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासकाने तीन गोष्टी तपासावयास हव्यात : मार्ग कोणी ठरविला, लेखकास स्वदेशी काय छापता येत होते, आणि त्याच काळात त्या समाजातील पीडित स्वतः काय सांगत होते. यांतील तिसरी साक्ष मिळविल्यावाचून पहिल्या दोहोंचे मोल ठरविता येत नाही.