अंगणातला कबरीचा दगड

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात एक जोडपे घरामागचे रान साफ करत होते. तेव्हा संगमरवराचा एक तुकडा हाती लागला. त्यावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या घराखाली कब्रस्तान तर नाही ना, अशी त्यांना शंका आली. जाणकारांनी मजकूर वाचला तेव्हा कळले, की हा सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका रोमन खलाशाच्या कबरीचा दगड आहे.

खलाशाचे नाव सेक्स्टस काँजेनियस व्हेरस. थ्रेस प्रांतातला माणूस, रोमच्या आरमारात शिपाई, ‘अस्क्लेपियस’ नावाच्या जहाजावर. ४२ वर्षे जगला, त्यातली २२ वर्षे चाकरीत गेली. दगड त्याच्या दोन वारसांनी बसवला. त्यांचीही नावे त्यावर आहेत.

हा दगड इटलीतल्या चिव्हिताव्हेक्किया या बंदराच्या गावचा. तिथल्या संग्रहालयात तो होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत ते संग्रहालय उद्ध्वस्त झाले आणि दगड नाहीसा झाला. पुढे तो इटलीत लढलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या घरी होता. तो गेल्यावर दगड नातीकडे आला. शोभेची वस्तू समजून तिने तो बागेत ठेवला आणि घर विकताना तिथेच विसरली. दगड सापडल्यावर इटलीला परत देण्यासाठी तो एफबीआयकडे सोपवला गेला.

जुना दगड नव्या कामाला लावणे हा काही गुन्हा नाही. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मशिदीत चारशेहून जास्त खांब आहेत. त्यातले कितीतरी रोमन आणि बायझंटाईन इमारतींच्या अवशेषांतून आणलेले. खुद्द रोमनांनी ३१५ साली कॉन्स्टंटाईनची कमान उभारली, तीही आधीच्या सम्राटांच्या इमारतींवरची शिल्पे काढून. पण खांब छत पेलतो, त्याला कुणाचे नाव पेलायचे नसते. कबरीचा दगड ही वारसांनी ठेवलेली अमानत असते. ती वाचणारा कुणी उरला नाही, की तिची फरशी होते.

हे लिहिताना मला माझे आजोबा आठवले. त्यांच्या कबरीवर दगड नाही. कबरीवर काही लिहू नये, असे आमच्या घरात मानतात आणि मला ते पटतेही. पण मग नाव जपायचे कुणी? कब्रस्तानातली ती जागा आज फक्त माझ्या वडिलांना नेमकी ठाऊक आहे. दर शब-ए-बरातला ते चिंचेपासून पावले मोजत जातात आणि फातिहा पढतात. मी मागे उभा असतो, पण पावले मी आजवर कधी मोजली नाहीत.

त्या खलाशाला दगडाने वाचवले. आमच्याकडे ते काम माणसांनीच करायचे आहे. येत्या शब-ए-बरातला मी वडिलांच्या पुढे चालणार आहे, आणि चुकलो तर त्यांनी मला थांबवायचे.