उखाणा
उखाणा हा मराठी मौखिक लोकसाहित्यातील एक लघुप्रकार आहे. या शब्दाला दोन अर्थ आहेत: वस्तूचे नाव दडवून तिचे वर्णन करणारे कोडे, आणि पतीचे वा पत्नीचे नाव गुंफलेली यमकबद्ध रचना. पहिल्या प्रकारास आहणा, तर कोकण-गोव्यात हुमाण असेही म्हणतात. संस्कृतात त्यास प्रहेलिका ही संज्ञा आहे. कामसूत्रातील ६४ कलांत तिची गणना होते आणि दंडीने 'काव्यादर्श' या ग्रंथात तिचे १६ प्रकार सांगितले आहेत.

लोककोड्यांचे विषय घर-शेतातले असतात: जाते, मोट, चूल, कणीस, विंचू. दार-खिडकी नसलेल्या घरात पाणी भरले आहे असे वर्णन आले, की उत्तर नारळ.

नाव घेण्याच्या उखाण्याचा संबंध पतीचे नाव न उच्चारण्याच्या रूढीशी आहे. कोड्यातील नाव ऐकणाऱ्याने शोधायचे असते. येथे बोलणारीच ते अखेरीस उघड करते. लग्न, मंगळागौर, डोहाळजेवण हे त्याचे नेहमीचे प्रसंग होत.

शहरी बोलीत आज उखाणा म्हणजे बहुधा हा दुसराच प्रकार. पहिल्याची अडचण निराळी आहे: मोट व जाते वापरातून गेल्यामुळे त्यांवरील कोड्यांचे उत्तर सांगितले, तरी ती वस्तू मुलांना पुन्हा समजावून द्यावी लागते.