हडसनवरील शौर्यकथेचा उत्तरार्ध

१५ जानेवारी २००९ रोजी चेस्ली सलेनबर्गर यांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवले आणि १५५ जणांचे प्राण वाचवले. ही शौर्यकथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला तिचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो.

२४ फेब्रुवारीला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सांगितले, की आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेला आणि निवृत्तिवेतनही गेले. २००१च्या हल्ल्यांनंतरच्या पडत्या काळात यूएस एअरवेजने २००२ आणि २००४ मध्ये, अशी दोनदा दिवाळखोरी पत्करली होती. वैमानिकांची निवृत्तिवेतन योजना २००३ मध्येच गुंडाळली गेली.

मग वैमानिक कंपनी का सोडत नाहीत? कारण पद, पगार, विमान, वेळापत्रक सारे त्या कंपनीच्या ज्येष्ठतायादीवर ठरते. दुसरीकडे गेलेला वैमानिक, केस पिकलेले असले तरी, यादीच्या तळाशी जातो. आणि कपातीची कुऱ्हाड तळापासूनच पडते.

हडसनवर कामी आला तो अनेक वर्षांचा अनुभव. मंदीत मोजला गेला तो यादीतला क्रमांक. शौर्यकथा सांगताना हा हिशेबही सांगितला पाहिजे, असे आम्हांला वाटते.