मातीचे मावळे आणि हिरवा रंग

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या वणीच्या बाजारात मातीचे मावळे दिसू लागतात. साच्यातून काढलेले, घाईघाईत रंगवलेले. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या तलवार, कुणी तुतारी फुंकतोय. गल्लीतली पोरं विटा, माती आणि गोणपाट जमवून किल्ला करतात, त्यावर अळीव आणि मोहरी पेरतात आणि मग मावळे मांडतात. आमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. चिखल कालवायला दरवर्षी सगळ्यांच्या पुढे असतो.

दोन वर्षांपूर्वी तो रडवेला होऊन घरी आला. "अब्बू, मेरेकू हर बखत दुश्मनच देते." मांडणीत त्याच्या वाट्याला नेहमी हिरव्या अंगरख्याचे शिपाई येत. मी त्या पोरांना दोष देत नाही. त्यातली निम्मी माझ्याकडे मराठीचं व्याकरण शिकायला येतात. त्यांनी सिनेमात जे पाहिलं ते किल्ल्यावर मांडलं : भगवे आपले, हिरवे त्यांचे. पण सात वर्षांच्या मुलाला 'त्यांचे' या शब्दाचा अर्थ तिथे पहिल्यांदा कळला, हे मला बापाच्या नात्याने खुपलं.

मला माझं लहानपण आठवलं. १९९०च्या आसपास नाशिकला मामूंच्या घरी 'जी. आय. जो'चे प्लास्टिकचे सैनिक पाहिले. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली हा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' घेणार नाहीत म्हणून त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' हे नवं नाव दिलं. १९७७ला 'स्टार वॉर्स' सिनेमा आला आणि सिनेमा व खेळणं यांची जोडी जमली. त्या वर्षी नाताळापर्यंत बाहुल्या तयार झाल्या नाहीत, तर केनर कंपनीने पुढे बाहुल्या मिळतील अशा हमीची पाकिटं विकली आणि लोकांनी तीही घेतली! आपल्याकडे 'जी. आय. जो' फनस्कूलने आणला. त्यांचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे असत, म्हणून परदेशातले शौकीन आज ते शोधून घेतात.

त्या सैनिकाच्या पाठीत एक स्क्रू असे आणि आत रबराची कडी. स्क्रू काढला की हात, धड, पाय सुटे. मामूंचा मुलगा आणि मी एकाचं धड दुसऱ्याच्या पायांवर बसवायचो. नेलपॉलिशने गणवेश रंगवायचो. सकाळचा शत्रू संध्याकाळी आपला होई. लागायचा फक्त एक स्क्रू.

मुलाचे डोळे पुसताना वाटलं, आपल्या इतिहासातही हेच होतं की. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही.

ऑक्टोबर १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. बागलाणातून परतताना १७ तारखेला वणी-दिंडोरीच्या परिसरात मोगल फौजेशी त्यांची उघड्या मैदानात लढाई झाली. मोगलांचा सरदार दाऊदखान कुरेशी. त्याच्या आघाडीचा इखलासखान मियाना जखमी होऊन घोड्यावरून पडला. महाराज लूट सुखरूप घेऊन गेले. पण या लढाईची हकीकत आपल्याला सांगतो कोण? भीमसेन सक्सेना. जातीने कायस्थ, चाकरी मोगलांची, लिहिणं फारसीत. आता हा किल्ल्यावर कुठे मांडायचा? हिरव्यांत की भगव्यांत?

त्याच वर्षी फेब्रुवारीत तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले. समोर मोगलांचा किल्लेदार होता उदयभान राठोड, रजपूत. २०२०च्या 'तान्हाजी' सिनेमामुळे हे नाव पोरांना पाठ आहे. तरी मांडणीत तोही हिरवाच होतो.

आणि महाराजांच्या बाजूला? सभासद बखरीत पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचं नाव येतं. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. १६६०ला पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल गेला. त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. १६७९ला खांदेरीच्या समुद्रात इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यासमोर मराठी आरमार घेऊन दौलतखान उभा होता. एक सिद्दी इकडे, एक सिद्दी तिकडे. बाजू ठरत होती ती चाकरीने, इमानाने, कधी वतनाने.

याचा अर्थ त्या काळात धर्माला किंमतच नव्हती असं मी म्हणत नाही. होतीच. पण रंगाच्या दोन डब्यांत मावेल इतका तो काळ सोपा नव्हता.

मी बाजारातून बारा मावळे आणले आणि पोस्टर कलर काढले. अम्मी कुरकुरल्या, "घर में पुतले?" मी त्यांना हजरत आयेशांच्या खेळण्यांतल्या पंखवाल्या घोड्याची हदीस सांगितली. तो पाहून हुजूर (स.) हसले होते. अम्मीही हसल्या आणि तसबीह घेऊन पलीकडे बसल्या.

मुलाने विचारलं, "नूरबेगला कोणता रंग?" मी अडलो. पगडी, अंगरखा, कमरेला शेला. त्या काळचा शिपाई कुठल्या धर्माचा हे कपड्यांवरून कसं सांगणार? आपल्या मोठमोठ्यांनाही ते जमलं नव्हतं. इब्राहिमखान नावाच्या एका माणसाचं चित्र कित्येक वर्षं महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच संग्रहातलं खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा ती चूक कळली.

शेवटी आम्ही बाराही मावळे मिसळत्या रंगांत रंगवले. पांढरा, तांबडा, केशरी, थोडा हिरवाही. नावं लिहिली ती तळाला, पेन्सिलीने : नूरबेग, तानाजी, दौलतखान, नेताजी, सिद्दी हिलाल...

धाकट्याने ते गल्लीत नेले. पोरं गोळा झाली. एकाने विचारलं, "सर, यातला नूरबेग कोणता?" मी म्हणालो, "ओळखा." त्यांनी तिघांवर बोट ठेवलं, तिन्ही चुकले. मग एकेक मावळा उलटा करून नावं वाचायचा खेळच सुरू झाला. वाह‍वाहचं नाव वाचून सगळे हसले. तो कोण होता आणि त्याचं काय झालं, हे सांगितल्यावर गप्प झाले. त्याला बुरुजावर सगळ्यांत वर उभं करायचं त्यांनीच ठरवलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर किल्ला मोडला. माती नाल्याकडे गेली. मावळे बुटांच्या एकाच खोक्यात भरून आमच्या माळ्यावर ठेवले आहेत. पेन्सिलीची अक्षरं पुसट होत चालली आहेत. यंदा दिवाळीआधी ती पुन्हा गिरवायची आहेत.