तळटीप : ‘जिल्हा बासिम’
१. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत वाशीमचे नाव ‘बासिम’ असे लिहिलेले सापडते. वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांपैकी हा एक. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला. वाशीम व मंगरूळ तालुके अकोल्यास, पुसद यवतमाळास जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. त्यामुळे एकाच शेतकरी जोडप्याच्या कागदांत दोन जिल्हे दिसतात. घराने गाव सोडले असे समजू नये. वंशावळ जुळवताना सातबाऱ्यावर न थांबता कोतवाल बुकही पाहावे. तिथे जन्माची नोंद पुष्कळदा बापाच्या नावापुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच असते. आजीचे नाव आणि माहेर मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेळीच लिहून ठेवावे.